आधी अर्थिंग, मग बुकिंग: कोकणात इलेक्ट्रिक गाडी घेताना

गेल्या गुढीपाडव्याला आमच्या दारात इलेक्ट्रिक गाडी आली. आईने ओवाळलं, नारळ फुटला, चाकांखाली लिंबं चिरडली. रात्री जेवणं झाल्यावर मोठ्या हौसेने चार्जर लावला, तर त्याच्या डबीवर लाल दिवा. काढला, पुन्हा लावला, पुन्हा लाल. शोरूमच्या पोराला फोन केला. तो म्हणाला, "सर, गाडी ओके आहे. तुमच्या घराला अर्थिंग नाहीये." अर्थिंग म्हणजे बिघाड झाला तर करंट माणसाऐवजी जमिनीत नेणारी तार.

घर १९८७ सालचं, चिऱ्याचं. फ्रिज, विहिरीचा पंप, गिझर, सगळं इतकी वर्षं याच घरात चाललं. कोणाची तक्रार नव्हती. पुढचे सहा दिवस नवी कोरी गाडी खळ्यात पडून आणि मी एसटीने रत्नागिरीला. वाडीतला प्रत्येक जण येता-जाता विचारायचा, "काय ओ, चालत नाय काय?"

मी सगळी कामं उलट्या क्रमाने केली. तुम्ही सुलट्या क्रमाने करावीत म्हणून हे लिहितोय. ज्यांचं कोकणात स्वतःचं घर आहे, दारात गाडी उभी राहते आणि जुनी पेट्रोल किंवा डिझेल गाडी बदलायची आहे, त्यांच्यासाठी हे आहे. मुंबईच्या सोसायटीत पार्किंगमध्ये चार्जर बसवण्याची भांडणं हा निराळाच विषय.

महिनाभर वही ठेवा

शोरूममध्ये जाण्याआधी एक महिना गाडीत वही ठेवा आणि रोज किती किलोमीटर झाले ते लिहा. आपल्याला वाटतं आपण खूप फिरतो. माझ्या वहीत २५ दिवस एकच आकडा होता: ४४ किलोमीटर, घर ते रत्नागिरी जाऊन-येऊन. बाकी एक चिपळूण, एक कोल्हापूर (बायकोचं माहेर), दोन लग्नं.

आता एक हिशेब डोक्यात पक्का करा, पुढे सगळीकडे तोच लागतो. बॅटरी किलोवॅट-अवरमध्ये मोजतात आणि एक किलोवॅट-अवर म्हणजे तुमच्या वीजबिलावरचं एक युनिट. ४० ची बॅटरी म्हणजे पोटात ४० युनिटं. घरची मध्यम आकाराची गाडी आपल्या वळणावळणाच्या रस्त्यांवर, एसी लावून, युनिटला सहा ते सात किलोमीटर जाते. म्हणजे माझे रोजचे ४४ किलोमीटर सात युनिटांत होतात. साध्या १५ अँपिअरच्या सॉकेटवर गाडीत तासाला अडीच-पावणेतीन युनिटं जातात, म्हणजे तीन तासांच्या आत काम झालं. गाडी रात्रभर दारात उभीच असते.

वहीत दर आठवड्याला मुंबई दिसत असेल, तर मात्र मी म्हणेन, अजून थोडं थांबा किंवा घरात दुसरी गाडी ठेवा. वर्षातून चार वेळा मुंबई असेल तर त्या चार दिवसांसाठी उरलेले ३६१ दिवस पेट्रोल जाळण्यात अर्थ नाही.

घरची लाइट: सगळ्यात मोठं काम

शोरूमवाले याबद्दल फार बोलत नाहीत, कारण गाडी विकल्यावर तुमची लाइट हा त्यांचा प्रश्न उरत नाही. पण माझ्या मते कोकणात इलेक्ट्रिक गाडी सुखाची होणार की डोकेदुखीची, हे गाडीच्या मॉडेलवर कमी आणि मीटरपासून पडवीपर्यंतच्या वायरवर जास्त ठरतं.

आधी वीजबिल काढा. त्यावर 'मंजूर भार' असतो. गावातल्या बऱ्याच घरांत तो एक किंवा दोन किलोवॅट असतो, आणि साधा चार्जर एकटाच तीन किलोवॅट ओढतो. त्यामुळे भार वाढवण्याचा अर्ज महावितरणकडे गाडी बुक करतानाच टाकून ठेवा. गाडी यायला वेळ लागतो, तेवढ्यात ते काम होतं.

मग चार्जर कोणता ते ठरवा. गाडीबरोबर साधा पोर्टेबल चार्जर येतो, १५ अँपिअरच्या सॉकेटला लागणारा. त्याखेरीज भिंतीवर बसणारा ७.२ किलोवॅटचा पर्याय दाखवतात. तो ३१ अँपिअर ओढतो. सिंगल फेजवर, त्यात तुमचं घर डीपीपासून (ट्रान्सफॉर्मरपासून) शेवटच्या खांबावर असेल, तर चार्जर सुरू होताच शेजारच्यांचे दिवे मंद होतात आणि सकाळी पाणंदीत गाठून ते ऐकवतात. रोज शंभर किलोमीटर नसतील तर त्याची गरज नाही. फुकट मिळत असेल तर घेऊन ठेवा, पुढे थ्री फेज घेतलीत की लावा.

सॉकेट नवा, लाइन स्वतंत्र. इथे कंजुषी नको. माझ्या मावसभावाने पडवीतल्या इस्त्रीच्या जुन्या सॉकेटला गाडी लावली. तिसऱ्या रात्री वहिनींना जळका वास आला. पाहिलं तर प्लगची एक पिन तपकिरी पडलेली आणि सॉकेटचं प्लास्टिक तव्यावरच्या भाकरीसारखं फुगलेलं. इस्त्री वीस मिनिटं चालते, गिझर पंधरा. गाडी सात-आठ तास सलग पूर्ण करंट ओढते. जुन्या सॉकेटची पकड सैल असते, तिथे ठिणगी धरते, आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने आतल्या पितळेवर हिरवा थर आलेला असतो तो वेगळाच. मीटरपासून थेट ४ स्क्वेअर एमएमची कॉपर वायर, २० अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट गेला की पडणारा स्विच), ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आणि चांगल्या कंपनीचा १६ अँपिअरचा सॉकेट. ७.२ चा चार्जर लावणार असाल तर वायर किमान ६ ची, अंतर लांब असेल तर १० ची. एक्स्टेन्शन बोर्ड कधीही नाही, एका रात्रीपुरताही नाही.

आता अर्थिंग. चार्जर सुरू होण्याआधी घराचं अर्थिंग तपासतो आणि पसंत पडलं नाही तर वीज घेतच नाही. फ्रिज, पंखा असं काही तपासत नाहीत, म्हणून चाळीस-चाळीस वर्षं कोणाला पत्ता लागत नाही. आमचा वायरमन टेस्ट लॅम्प घेऊन आला. बल्ब फेज आणि न्यूट्रलमध्ये धरला, लख्ख पेटला. फेज आणि अर्थमध्ये धरला तर आतली तार नुसती निखाऱ्यासारखी लाल. मग मीटर लावला: न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३८ व्होल्ट. हा आकडा दोन-तीनच्या आत हवा. "भाऊ, ही अर्थिंग नाय, नुसती तार गाडलीय," तो म्हणाला. खणलं तर खरोखरच हातभर गंजका पाइप, चहूबाजूंनी कोरडा ठाक जांभा.

आपल्याकडे हा त्रास जास्त का, तर जांभ्यात पाणी टिकत नाही. पावसाळ्यात जमीन ओली म्हणून सगळं ठीक वाटतं, आणि मार्च-एप्रिलमध्ये तीच जमीन वीज वाहून नेईनाशी होते. पावसाळ्यात गाडी घेतलेल्या लोकांच्या चार्जरला होळीनंतर लाल दिवा लागतो तो त्यामुळे. खड्डा अशा जागी घ्या जिथे कायम ओल असते: मोरीचं पाणी जातं ती बाजू, माडाचं आळं, विहिरीजवळची जागा. आम्ही दहा-दहा फुटांवर दोन खड्डे घेतले, आठ फूट खोल, तांब्याचा मुलामा दिलेले रॉड, भोवती ओल धरणाऱ्या बेंटोनाइट मातीची पावडर, आणि दोन्ही एकमेकांना जोडले. एका खड्ड्याने भागलं नाही तर दुसरा जोडायचा. जांभ्यात बहुतेक वेळा जोडावाच लागतो. पूर्वीसारखं मीठ-कोळसा घातलं तरी चालतं, पण मिठाने लोखंडी पाइप लवकर खातो. रोध ५ ओमच्या आत आला की वायरमनचे पैसे द्या, त्याआधी नाही. आमच्याकडे माघ उजाडला की अर्थिंगला पाणी घालण्याचं काम आईकडे. तुळशीला घालून झालं की एक बादली त्या खड्ड्यात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. काही वायरमन "साहेब, दोन मिनिटांचं काम" म्हणून सॉकेटच्या आत न्यूट्रल आणि अर्थ एकमेकांना जोडून देतात. चार्जर फसतो, हिरवा दिवा लागतो, सगळे खूश. पुढे वादळात खांबावरची न्यूट्रल तुटली की तोच करंट गाडीच्या पत्र्यात उतरतो, आणि ओल्या खळ्यात अनवाणी उभं राहून दार उघडणारा माणूस तुमच्या घरातला असतो. असं कोणी सुचवलं तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा.

उरलेलं थोडक्यात. सॉकेट पडवीत छपराखाली, कमरेइतक्या उंचीवर, पागोळ्यांपासून लांब. चार्जरची डबी लोंबकळू देऊ नका, खिळ्याला अडकवा. गाडीकडची बंदूक, म्हणजे गाडीत खुपसायचं टोक, पावसात लावायला हरकत नाही, ती त्यासाठीच बनवलेली असते. पाणी भिंतीकडच्या टोकाला लागता कामा नये. मे महिन्यातला वळीव आणि ऑक्टोबरमधल्या विजा यांच्यासाठी मुख्य बोर्डात सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस (व्होल्टेजचा अचानक झटका अडवणारं) बसवा, आणि ढग गडगडायला लागले की प्लग सरळ काढून ठेवा. संध्याकाळी सात ते दहा व्होल्टेज पडतं. आमच्याकडे ते १८० च्या खाली गेलं की चार्जर थांबतो. म्हणून गाडीच्या ॲपमध्ये रात्री ११ चा टायमर लावलाय.

आता गाडी

गाड्यांची तुलना तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल, त्यामुळे फक्त आपल्याकडे लागू होणाऱ्या गोष्टी सांगतो.

कागदावरची रेंज विसरा. ४५० लिहिलं असेल तर ३०० धरा आणि त्यावर योजना करा. बॅटरी एलएफपी आहे की एनएमसी (आतल्या रसायनाचे दोन प्रकार) हे विचारून घ्या, कारण दोघींच्या सवयी वेगळ्या. एलएफपी आठवड्यातून एकदा १०० टक्के भरायला सांगतात, नाहीतर ती टक्केवारी चुकीची दाखवायला लागते. एनएमसी रोज ८० टक्क्यांवर थांबवलेली बरी, लांब जायच्या आदल्या रात्रीच पूर्ण भरावी. वॉरंटी बहुतेकांची ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर असते. त्यात पुरातलं पाणी बसतं का, तेही विचारा.

बॅटरी गाडीच्या पोटाखाली असते. म्हणून टेस्ट ड्राइव्ह रत्नागिरीच्या गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. गाडी घरी मागवा, घरातली पाच माणसं बसवा आणि तुमच्या वाडीच्या वाटेने, गडग्यांच्या मधून, चढावरच्या त्या एका वर आलेल्या चिऱ्यावरून न्या. प्रत्येक वाडीत तो एक चिरा असतोच. आमचा मी गाडी आल्यावर फोडला; खाली एकदा खरवडल्याचा आवाज ऐकल्यावर.

सर्व्हिस सेंटर किती लांब आहे आणि त्यांच्याकडे हाय व्होल्टेजचं प्रशिक्षण घेतलेला माणूस आहे का, हे तिथे प्रत्यक्ष जाऊन बघा. फास्ट चार्जिंगचं तोंड सीसीएस-२ असावं, कारण हायवेवर तेच मिळतं. आणि गाडीतून वीज बाहेर काढण्याची सोय, जिला व्ही-टू-एल म्हणतात, ती असलेली गाडी मिळत असेल तर सनरूफ सोडून ती घ्या. शहरात तो खेळ वाटतो. कोकणात का हवी ते शेवटी सांगतो.

कागदपत्रांचं फार काही नाही. जीएसटी ५ टक्के, नंबरप्लेट हिरवी आणि अक्षरं पांढरी, थर्ड पार्टी विम्याच्या हप्त्यात १५ टक्के सूट. विम्यात झीरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि बॅटरी-चार्जरचं संरक्षण जोडून घ्या.

पहिले पंधरा दिवस

पहिला आठवडा सगळे त्या किलोमीटरच्या आकड्याकडे बघत गाडी चालवतात. घरून निघताना २८० दाखवतो, एक चढ चढलात की २५५. छातीत धस्स होतं. तो आकडा अंदाज असतो, मागच्या काही किलोमीटरच्या चालवण्यावरून काढलेला. टक्के बघा, आणि दर दहा टक्क्यांत आपण खरोखर किती जातो ते आठवडाभर लिहून काढा. माझ्या गाडीचे उन्हाळ्यात २७, भर पावसात २४. हे तुमचे स्वतःचे आकडे हाती आले की भीती आपोआप जाते.

घरच्यांना सवय व्हायलाही वेळ लागतो. पाय उचलला की गाडी स्वतःहून आवळते आणि त्यातून वीज परत बॅटरीत जाते, याला रीजनरेशन म्हणतात. मला ते इतकं आवडलं की मी ते सगळ्यात जास्त पातळीवर ठेवलं आणि ब्रेकला हात, म्हणजे पाय, लावेनासा झालो. चौथ्या दिवशी मागच्या सीटवर मुलीला गाडी लागली. तिला याआधी कधी गाडी लागली नव्हती. पाय झटक्यात उचलला की मागच्या माणसाची मान दर वळणाला पुढे जाते. पातळी सगळ्यात कमीवर आणली, पाय हळू उचलायला शिकलो, उलट्या थांबल्या. मागे म्हातारी माणसं किंवा पोरं असतील तर सुरुवात कमी पातळीवरूनच करा.

आणि आवाज नाही हे लक्षात ठेवा. वाटेवरच्या कोंबड्या, कुत्री, डोक्यावर भारा घेतलेली बाई, कोणीच बाजूला होत नाही, कारण कोणाला कळतच नाही. वाडीत शिरलो की मी काच खाली करून रेडिओ लावतो.

इलेक्ट्रिक गाडीतही एक साधी १२ व्होल्टची बॅटरी असते आणि ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही गाडी सुरू होत नाही. महिनाभर गाडी ठेवून कुठे जाणार असाल तर मोठी बॅटरी निम्म्यावर ठेवा आणि अधूनमधून कोणाला तरी गाडी सुरू करायला सांगा.

घाट

आंबा, कुंभार्ली, फोंडा, आंबोली: कोकणातून देशावर जायचं म्हणजे घाट चुकत नाही, आणि नवख्याला सगळ्यात जास्त धास्ती त्याचीच. इथेही हिशेब सोपा आहे. गाडी आणि माणसं मिळून १८०० किलो धरा. एवढं वजन १०० मीटर उंच न्यायला अर्धं युनिट लागतं, थोडं मोटरमध्ये वाया जातं. म्हणजे ५०० मीटरचा घाट तीन युनिटांत होतो, सपाटीवरच्या वीस किलोमीटरइतक्या विजेत. बस. रत्नागिरी ते कोल्हापूर साधारण १३० किलोमीटर. मी ते घाटासाठी १५० धरतो आणि निर्धास्त जातो. पहिल्यांदा साखरप्याच्या पुढे टक्के भराभरा उतरताना बघून बायको म्हणाली होती, "परत फिरूया का?" कोल्हापुरात पोहोचलो तेव्हा ३८ टक्के होते.

उतरताना उलटी गंमत. खर्च केलेल्यातलं निम्म्याहून जास्त परत येतं, ब्रेक तापत नाहीत. फक्त एक पथ्य: घाटमाथ्यावर १०० टक्के भरून उतरू नका. बॅटरीत जागाच नसेल तर वीज जाणार कुठे? रीजनरेशन जवळजवळ बंद होतं, आणि ज्या ओढीची तुम्हाला सवय झालेली असते ती पहिल्याच वळणावर मिळत नाही. ८०-८५ वर निघालेलं बरं.

लांबचा प्रवास

हायवेचं खरं दुखणं चार्जर चालू आहे की नाही, हे आहे. दसऱ्याच्या सुट्टीत मुंबईला जाताना ॲपने एका हॉटेलच्या आवारात ६० किलोवॅटचा चार्जर हिरवा, म्हणजे रिकामा, दाखवला. पोहोचलो तर त्याच्या पडद्यावर कोळ्याचं जाळं. वॉचमन म्हणाला, "गणपतीपासनं बंद हाय." गाडीत १७ टक्के. पुढचा चार्जर २९ किलोमीटरवर मिळाला, पण तेवढा वेळ एसी बंद, काचा उघड्या, आणि गाडीत कोणी बोलत नव्हतं.

तेव्हापासून माझे नियम असे. चार्जरवर २५ टक्के हातात ठेवून पोहोचायचं, म्हणजे तो बंद असला तरी पुढचा गाठता येतो. निघण्याआधी ॲपमध्ये तिथे शेवटची गाडी कधी चार्ज झाली ते बघायचं आणि हॉटेलला फोन करून "लाइट आहे का? मशीन चालू आहे का?" असं दोन वेगळ्या प्रश्नांत विचारायचं. एकत्र विचारलं की उत्तर "हो" येतं. प्रत्येक कंपनीचं ॲप निराळं, वॉलेट निराळं. तीन-चार ॲपांत पैसे घरूनच भरून ठेवायचे, कारण ओटीपी यायला रेंज लागते आणि घाटात ती नसते.

फास्ट चार्जरवर ८० टक्क्यांपर्यंतच थांबा. त्यापुढे वेग इतका पडतो की शेवटच्या २० टक्क्यांना आधीच्या ५० इतका वेळ जातो. ८० होईपर्यंत मिसळ खाऊन होते.

ताशी १०० ऐवजी ८० ने गेलात तर रेंजमध्ये ठळक फरक पडतो, कारण वेग वाढला की वाऱ्याचा अडथळा त्याहून कितीतरी जास्त वाढतो. ट्रॅफिकची मात्र भीती नको. गणपतीत चाकरमान्यांच्या रांगेत तीन तास अडकलात तरी एसीला तासाला एखादं युनिट लागतं, आणि गाडी उभी असताना मोटर काही खात नाही. गणपती आणि शिमग्याला त्रास होतो तो चार्जरवरच्या रांगेचा. त्या दिवसांत शक्यतो मध्यरात्रीनंतर चार्ज करा, किंवा मुक्कामाला जिथे १५ अँपिअरचा सॉकेट मिळेल अशा ठिकाणीच राहा. आडवाटेच्या लॉजमालकांना आधी फोनवर सांगितलं आणि विजेचे पैसे वेगळे देऊ केले तर बहुतेक नाही म्हणत नाहीत.

फेरीबोटीही विसरू नका. दापोलीकडून गुहागरला जाताना दाभोळ ते धोपावे, गुहागरकडून गणपतीपुळ्याला तवसाळ ते जयगड. खाडीला वळसा घालणं वाचतं, म्हणजे तेवढी युनिटंही वाचतात. बोटीवर हँडब्रेक लावून पार्कमध्ये टाकायला विसरू नका. गाडीचा आवाज नसल्यामुळे ती बंद झाली असं वाटतं आणि ती चालूच असते.

आगोट

मे संपायच्या आत घराची आगोटीची, म्हणजे पावसाआधीची, कामं करता ना, तशी गाडीचीही करा.

ब्रेकपासून सुरुवात. रीजनरेशनमुळे ब्रेक इतके कमी वापरले जातात की आपल्या दमट, खाऱ्या हवेत डिस्कवर गंज चढतो. जुलैमध्ये झड लागल्यावर चार दिवस गाडी उभी राहिली की सकाळी पहिल्या ब्रेकला करकर आवाज येतो. आठवड्यातून एकदा मोकळ्या रस्त्यावर रीजनरेशन कमी करून पाच-सहा वेळा ब्रेक ठासून दाबा, डिस्क साफ होते. गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुवा, प्रेशर पंप ऑरेंज (हाय व्होल्टेजच्या) केबलच्या जोडांवर जवळून मारू नका. चार्जिंगच्या तोंडाचं झाकण नीट बसतं का बघा. आतल्या पिनांवर हिरवट-पांढरं काही दिसलं तर स्वतः खरवडू नका, सर्व्हिसवाल्यांना दाखवा. बोनेटमध्ये उंदीर पेट्रोल गाडीतही जायचे, इथेही जातात, आणि इथली वायर महाग असते. रात्री बोनेट उघडं ठेवण्याचा गावठी उपाय आजही चालतो.

किनाऱ्यावर गाडी घालू नका. दिवेआगर, हर्णै-मुरुड, आरे-वारे, पर्यटक घालतात म्हणून तुम्ही घालायची नाही. बॅटरीचं आयपी-६७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकण्याची चाचणी, आणि ती गोड्या पाण्यातली. खाऱ्या पाण्याने नटबोल्ट, जोड, सील हळूहळू खाल्ले जातात, आणि विमा कंपनीला वाळूतले फोटो आवडत नाहीत.

पुराचं तर चिपळूणकरांना सांगायला नकोच. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी शिरलं तेव्हा गाड्या खेळण्यांसारख्या एकमेकींवर चढल्या होत्या. तुमचं घर खालच्या अंगाला असेल तर इशारा आला की गाडी आधी वर नेऊन लावा, ती भरलेली आहे की नाही हे नंतर. पाण्यात बुडलेली गाडी सुरू करायची नाही, चार्जर लावायचा नाही, घराला चिकटून उभी करायची नाही. उघड्यावर लांब ठेवून कंपनीला फोन.

पैसे

माझी जुनी गाडी लिटरला १४ द्यायची. पेट्रोल १०५ धरलं तर किलोमीटरला साडेसात रुपये. आताची, चार्जिंगमध्ये वाया जाणारी दहा-बारा टक्के वीज धरून, भिंतीतल्या एका युनिटात सहा किलोमीटर. युनिट १२ रुपयांना पडलं तर किलोमीटरला दोन रुपये. महिन्याला हजार किलोमीटरमागे साडेपाच हजार वाचतात.

पण पहिलं बिल बघून दचकाल. घराची १४० युनिटं होती, त्यात गाडीची १६५ आली आणि आम्ही ३०० ची पायरी ओलांडून महागड्या स्लॅबमध्ये गेलो. पायऱ्या १००, ३०० आणि ५०० वर आहेत. तुमचं घर आत्ता कुठे आहे ते बघून गाडीची युनिटं त्यात मिळवा. ५०० च्या वर जात असाल तर गाडीसाठी वेगळा मीटर घेता येतो, त्याचा दर वेगळा असतो. दोन्हींचा हिशेब करून ठरवा. छप्पर मोकळं असेल तर सोलरचा विचार करा. पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८ हजारांपर्यंत अनुदान आहे. फक्त आषाढ-श्रावणात त्याच्याकडून उन्हाळ्यासारखी अपेक्षा ठेवू नका.

वादळात

३ जून २०२० च्या निसर्ग वादळानंतर उत्तर कोकणातली कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती. ते आठवून लोक विचारतात, "लाइट गेली तर तुमच्या गाडीचं काय?" जूनपासून मी गाडी ५० टक्क्यांच्या खाली जाऊ देत नाही आणि हवामान खात्याचा इशारा आला की त्याच दुपारी पूर्ण भरतो. रोजचे ४४ किलोमीटर धरले तर पाच-सहा दिवस लाइटशिवाय निघतात.

गेल्या जुलैत आमच्याकडे फणस पडून तारा तुटल्या आणि तीन दिवस लाइट नव्हती. व्ही-टू-एलचा अडॅप्टर लावला, एक जाड वायर पडवीच्या खिडकीतून आत घेतली आणि फ्रिज, दोन पंखे, तीन बल्ब थेट त्या बोर्डावर जोडले. थेट हे महत्त्वाचं. दोन्ही टोकांना पिना असलेली वायर करून ती घराच्या सॉकेटात खुपसण्याची आयडिया कोणीतरी देतोच. तसं केलंत तर तुमच्या गाडीची वीज मीटरमधून उलटी बाहेर जाते, आणि खांबावर चढून तार जोडणारा माणूस ती बंद आहे असं समजून हात घालतो.

दुसऱ्या संध्याकाळी पडवीत वाडीतले अकरा मोबाइल चार्जिंगला होते. शेजारच्या काकू त्यांचं वाफेचं मशीन घेऊन आल्या, त्यांना दम्याचा त्रास. पाडव्याला "चालत नाय काय?" विचारणारे अण्णा टॉर्च घेऊन आले आणि गाडीभोवती एक चक्कर मारून म्हणाले, "आमच्या पंपाला लावता येईल काय ओ?" पंप तीन एचपीचा, सुरू होताना फार ओढतो, म्हणून नाही सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी लाइट आली तेव्हा गाडीत ७४ टक्के उरले होते.